मागच्या सीटचा जोर

[दृश्य: जपानमधला इझू वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचं बंदिस्त मैदान. लाकडी ट्रॅकवर सुरुवातीच्या यंत्रात अडकवलेली टँडम, म्हणजे दोघांनी मिळून चालवायची सायकल.]

28 ऑगस्ट 2021. टोकियो पॅरालिम्पिक. एक किलोमीटरची शर्यत, म्हणजे 250 मीटरच्या ट्रॅकला चार फेऱ्या. पुढे पायलट, म्हणजे सायकल वळवणारा डोळस जोडीदार, मॅट रॉदरहॅम; मागे ब्रिटनचा नील फॅची. रेटिनायटिस पिग्मेंटोसा या डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे नीलची नजर अधू झालेली. 2008 साली बीजिंगला तो धावपटू म्हणून गेला होता. पदक हुकलं आणि तो टँडमकडे वळला.

त्या मागच्या सीटकडे नीट बघा. पुढचा चालवतो आणि मागचा नुसता बसतो, असं अनेकांना वाटतं. ते साफ चूक आहे. दोघांची पेडलं एकाच साखळीनं बांधलेली असतात. एकाचा पाय फिरला की दुसऱ्याचा फिरणारच. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतात, पाय मध्येच थांबवताही येत नाहीत. इशारा झाला की दोघांनी एकाच क्षणी जोर लावायचा. वळणावर मागच्याचं अंग जरा वेगळं झुकलं, तरी सायकल डगमगते.

[दृश्य: घड्याळ थांबतं.]

58.038 सेकंद. विश्वविक्रम! जागेवरून सुरुवात करूनही सरासरी वेग ताशी 62 किलोमीटर. सोळा मिनिटांच्या अंतरानं नीलची पत्नी लोरा हिनंही पायलट कोरिन हॉलच्या साथीनं परस्यूटमध्ये, म्हणजे पाठलागाच्या शर्यतीत, सुवर्ण जिंकलं. पदक पायलटच्याही गळ्यात पडतं, आणि ते रास्तच आहे.

[दृश्य: डोंगरातला रस्ता, चढावर टँडम.]

रस्त्यावर मात्र पुढच्याचं तोंड सतत चालू हवं. "गतिरोधक आला." "डावीकडे वळतोय." "गिअर बदलतो, जोर कमी कर."

पुण्याचे दिव्यांशू गणात्रा यांची दृष्टी एकोणिसाव्या वर्षी काचबिंदूनं गेली. 2016 साली ते टँडमवरून मनालीहून लडाखमधल्या खारदुंगला खिंडीत पोचले, साडेसतरा हजार फुटांवर. त्या विरळ हवेत मागच्या सीटवरच्याला कुणी आयतं वर नेत नाही. त्यांच्या 'अ‍ॅडव्हेंचर्स बियॉन्ड बॅरिअर्स फाउंडेशन'मध्ये अंध आणि डोळस जोडीनं टँडम चालवतात.

[दृश्य: मोकळं मैदान, दोघं सायकलवर चढताना.]

तुम्हालाही पायलट व्हायचंय? मग आधी मोकळ्या मैदानात, डोळस मित्राला मागे बसवून सराव करा. सायकल लांब असते, वळायला जास्त जागा घेते. आणि एकदा स्वतः मागे बसा, डोळे मिटून. पुढच्यानं न सांगता ब्रेक दाबला की पोटात कसा गोळा येतो, ते लगेच कळेल.