फुटाचा भाव

(सकाळचं शेड. पत्र्यावर चिमण्या. आधी नुसता आवाज, मग हात.)

हा जो आवाज येऊन राहिलाय ना, कट्… कट्… कट्, हा आमच्या घरचा रेडिओ समजा. साडेसातला सुरू होतो ते दिवेलागणीपर्यंत. नागपूरच्या नंदनवन भागात घरामागे हे पत्र्याचं शेड आहे, सासऱ्यांनी स्कूटर ठेवायला बांधलेलं, स्कूटर गेली आणि आम्ही शिरलो. मी आणि माझ्यासोबत दोघीजणी, शिवाय कटर चालवायला एक पोरगा, तो कॉलेज करून येतो म्हणून त्याचं टायमिंग त्याच्या मनावर. आम्ही मार्बलचे छोटे छोटे तुकडे करतो आणि त्यांची चित्रं बनवतो. मोझॅक.

आता मोझॅक म्हटलं की नागपुरात पहिला घोळ. फोन येतो, "मॅडम, गच्चीला मोझॅक करता का, काय फूट?" त्यांना पाहिजे असतं चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या पांढऱ्या टाइल्स गच्चीवर बसवतात ते, ऊन परत फेकायला. इथे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला त्याची किंमत माहीत असते, म्हणून मी हसत नाही, मिस्त्रीचा नंबर देते. दुसरे म्हणतात, "आमच्या जुन्या घरात होती ना मोझॅक फरशी." ती वेगळी, सिमेंटमध्ये मार्बलची चिप टाकून घासलेली, त्याला हल्ली टेराझो म्हणतात आणि त्याच फरशीचे डबल पैसे घेतात. माझं तिसरंच. पण प्रश्न तिघांना एकच, काय फूट?

(टेबल. पट्ट्या, निपर, तुकड्यांचे डबे.)

तर हे बघा. मार्बलची लादी साधारण 16 ते 18 एमएमची येते. आम्ही पूर्ण लादी घेतच नाही, मार्बलवाल्यांकडचा कटपीस घेतो, किचन ओट्याचं सिंक कापून निघालेला चौकोन, पायरीचा उरलेला तुकडा, पोत्याच्या भावात. पांढऱ्यासाठी मकराना नाहीतर अंबाजी, काळ्यासाठी भैंसलाना, पिवळ्यासाठी जैसलमेर, हिरवा केसरियाजीचा. पाण्याच्या कटरवर त्याच्या 10 एमएमच्या पट्ट्या काढायच्या आणि मग निपरने एकेक तुकडा तोडायचा. जाड असेल तर ओंडक्यात पाचरीसारखी छिन्नी उलटी रोवलीय, धार वर, त्यावर दगड धरायचा आणि वरून हातोडी. रोमन लोक असंच करायचे आणि त्यात सुधारणा करायला कोणाला फारसं सुचलेलं नाही.

तोडलेली बाजू जवळून बघा. (क्लोजअप, खिडकीचा उजेड.) कापलेली बाजू मेणासारखी मंद असते आणि तुटलेल्या बाजूला साखरेसारखे दाणे चमकतात. आम्ही होता होईल तो हीच बाजू वर ठेवतो. प्रिंटच्या टाइलमध्ये हे येत नाही. मोरबीची डिजिटल टाइल मी कमी लेखत नाही, माझ्याच बाथरूममध्ये आहे, पण ती उजेडात हलत नाही, सकाळी जशी तशीच संध्याकाळी.

आता भावाचं. 10 एमएमचा तुकडा, मध्ये एक एमएमची फट, तर एका स्क्वेअर फुटात साधारण 770 तुकडे बसतात. ठीक. पण गणपतीचा डोळा 10 एमएममध्ये होत नाही, तिथे 5 एमएम लागतो. तुकडा आणि फट दोन्ही अर्धे केले की संख्या डबल होत नाही, चौपट होते, म्हणजे त्याच फुटात 3000 च्या वर. दगड तेवढाच लागतो, दहा एमएम जाडीला अडीच किलोच्या आसपास, वेळ मात्र चौपट. सरळ सरळ बॉर्डर असेल तर मी 2200 रुपये फूट घेते, चेहरा असेल तर 6000 पासून पुढे. लोक म्हणतात, मॅडम, दगड तर तोच. हौ, दगड तोच. आणि तो मला पोत्याच्या भावात मिळतो हे मी लपवत पण नाही, तिथेच माझी बार्गेनिंग पावर जाते असं नवरा म्हणतो.

एकदा एका कस्टमरला मी मोबाइलवर इटलीतल्या पॉम्पेई या जुन्या शहरातलं अलेक्झांडरचं मोझॅक दाखवलं, 1831 साली खोदकामात सापडलं, आता नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे, त्यात 15 लाखांच्या आसपास तुकडे असल्याचा अंदाज आहे. त्यांनी झूम करून करून बघितलं, घोड्याचा डोळा बघितला, खूप वेळ काही बोललेच नाही. मग म्हणाले, "हे किती फूट होते?"

(वाघाचं अर्धवट पॅनेल.)

ऑर्डरी म्हणाल तर वाघ. बाप्पा, किती वाघ. ताडोबा जवळ आहे, प्रत्येकाच्या फोनमध्ये स्वतः काढलेला एक वाघ असतोच. काळे पट्टे भैंसलाना, पोट मकराना, पण अंगाचा तो भगवट रंग मार्बलमध्ये मला काही केल्या मनासारखा मिळेना. जैसलमेर घेतला की सिंह दिसायचा. मग जुन्या घरांच्या छपराची कवेलू उतरवून राहिले होते, तिथून गोणीभर आणली. भाजलेली माती, एकेक कवेलू वेगळ्या शेडचं, काही भट्टीत जास्त राहिलेली, काही कच्ची. त्यातून पाच शेड निघाल्या आणि वाघ उभा राहिला. जुन्या मोझॅकमध्येही लालसाठी भाजलेली माती वापरायचे, हे मला नंतर कळलं. पण कवेलू दगडाएवढं टिकाऊ नसतं, म्हणून वाघ भिंतीवरच, जमिनीवर मागितला तर मी नाही म्हणते.

दुसरी फर्माइश संत्र्याची. डायनिंग टेबलवर संत्र्याची फांदी काढून द्या. देते, पण लिहून देते की त्याच टेबलवर संत्र्याचा रस सांडू नका. मार्बल म्हणजे शेवटी चुन्याचाच भाऊ, आंबट लागलं की पॉलिश खातो आणि पांढरा धब्बा राहतो, लिंबू, चिंच, व्हिनेगर, सगळं तेच. सीलर मारला की तेल-हळदीचा डाग लवकर मुरत नाही, पण आंबटाला सीलर थांबवत नाही. एका ताईंनी फोन करून विचारलं, मग टेबलचा उपयोग काय? तसं बघितलं तर त्यांचंही बरोबरच होतं.

(खाकी कागद, खळ, उलटं चित्र.)

आता ही उलटी पद्धत. तुकडे सगळे एका उंचीचे नसतात, सरळ चिकटवले तर हात फिरवला की टोचतं. म्हणून खाकी कागदावर चित्र उलटं छापायचं, मैद्याची खळ लावायची आणि तुकड्याचं तोंड खाली करून चिकटवायचं. उंचसखलपणा सगळा पाठीकडे जातो. मग तो कागद उचलून भिंतीवर लावायचा, कागद ओला करून सोलून काढायचा आणि तेव्हा पहिल्यांदा आपलं काम आपल्याला दिसतं. तोपर्यंत पाठच बघत बसायची, कधी कधी वीस-वीस दिवस.

खळीचं वेगळंच प्रकरण आहे. पावसाळ्यात तिला बुरशी येते, बायंडरवाले मोरचूद टाकतात, आम्ही पांढऱ्याला निळसर छटा नको म्हणून टाकत नाही, रोजची रोज शिजवतो. उन्हाळ्यात कूलर लावला की कागद दमट होऊन फुगतो, कूलर बंद केला की माणसं फुगतात.

आणि उलट्या पद्धतीत जे कधीतरी होणारच असतं ते आमच्याकडे झालं. "मातृछाया" नावाची पाटी. पोराने चित्र उलटं केलंच नाही, सुलटंच छापलं आणि आम्ही तिघी पंधरा दिवस त्यावर तुकडे लावत बसलो, कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण समोर बरोबर वाचता येत होतं ना! वाचता येत होतं हीच तर गडबड होती. साइटवर भिंतीला लावलं, स्पंज फिरवला, कागद सोलला आणि मालकीणबाई म्हणाल्या, "ही कोणती लिपी?" अ‍ॅडहेसिव्ह ओलं होतं म्हणून पटाशीने काढता तरी आलं. निम्मे तुकडे वाचले. तेव्हापासून टेबलाशेजारी हा आरसा टांगलाय, पावडरच्या डब्याएवढा. नाव असलं की आधी ते आरशात वाचायचं, तिघींनी, मोठ्याने, मगच खळ.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण जास्त सांगितलं की बीपी वाढतो. एका ऑफिसच्या रिसेप्शनचं बॅलन्स दीड वर्ष झालं येऊन राहिलंय. आता निम्मे अ‍ॅडव्हान्स आणि उरलेले भिंतीला लावायच्या आधी, कारण एकदा लागलं की मोझॅक परत आणता येत नाही.

(पहाट. इंदोरा. दुचाकीवरून उतरवलेलं खोकं.)

ही आजची पाटी. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू आहे म्हणून सहाला आलो, आठनंतर भिंत अशी तापते की अ‍ॅडहेसिव्हवर हाताखालीच साय धरते. भिंतीवर आधी पाणी मारून घेतलं. अ‍ॅडहेसिव्ह पांढरंच पाहिजे, मकरान्यातून थोडा उजेड आरपार जातो, करडं सिमेंट मागे असलं तर दगड आजारी दिसतो. दोन फूट बाय एक फूट, वर धम्मचक्र, खाली घराचं नाव "मैत्री". चक्राला 24 आरे, म्हणजे प्रत्येक 15 अंशावर एक, आणि ते सगळे मध्यभागी येऊन भेटतात तिथे चौकोनी तुकडा चालत नाही, प्रत्येक पाचरीसारखा घासावा लागतो. त्या मधल्या रुपयाएवढ्या जागेत माझा अख्खा दिवस गेला. निळा रंग मार्बलमध्ये परवडणारा मिळत नाही, म्हणून तिथे काच वापरलीय. नियम मोडला. दिसतंय मात्र छान.

(स्पंज. कागद कोपऱ्यातून सुटतो.)

कागद असा तिरका ओढायचा, स्वतःच्या अंगाकडे नाही, भिंतीला चिकटून खाली खाली. एक तुकडा आला सोबत… थांबा… बसवला. हं. आले चोवीस.

घरातल्या आजी खुर्ची घेऊन समोरच बसल्या होत्या. उठल्या, ओल्या पाटीवर बोट फिरवलं, "मै… त्री" असं अक्षर अक्षर वाचलं. मग स्वतःच्या पोराला विचारलं, "कितीले पडलं हे?"

बिल 11,000 चं होतं. पोराने माझ्याकडे बघून डोळा मारला आणि म्हणाला, "तीन हजार, आई."

"तीन हजार?" आजी म्हणाल्या. "लुटलं तुले बाप्पा."