अपुरी वाटलेली तबकडी

नमस्कार श्रोतेहो.

१९५० च्या दशकाचा मध्य. अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात, फोर्ट वर्थच्या एका रेडिओ केंद्रावर विशीतला एक निवेदक काम करत होता. दुपारची जेवणं उरकली की आया लेकरांना निजवायला घेत, आणि त्या वेळेला हा खास मुलांसाठी गाणी लावायचा. त्यातलं एक ठरलेलं असे: आर्थर स्मिथ यांनी गायलेलं, लाल केसांच्या एका अनोळखी घोडेस्वाराचं. गाणं लिहिलं होतं एडिथ लिंडमन आणि कार्ल स्टुट्झ या जोडीनं, आणि त्यातले स्टुट्झ स्वतः रेडिओवरचेच निवेदक. आपला हा फोर्ट वर्थचा तरुण घरी लेकीला झोपवतानाही तेच गाणं म्हणायचा. त्याचं नाव विली नेल्सन.

आज मला बोलायचंय ते विलीच्या १९७५ सालच्या ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’, म्हणजे ‘लाल केसांचा अनोळखी’, या अल्बमबद्दल. अमेरिकेतल्या कंट्री संगीतात याच्याइतकी जवळची वाटणारी दुसरी तबकडी मला सापडलेली नाही.

मधली वीस वर्षं थोडक्यात सांगतो. विली नॅशव्हिलला, कंट्री संगीताच्या मुख्य केंद्राला, गेला, गीतकार म्हणून नावारूपाला आला. गायिका पॅट्सी क्लाइननं १९६१ मध्ये गायलेलं ‘क्रेझी’ त्याचंच. पण गायक म्हणून त्याचं बस्तान काही बसेना. त्या काळी नॅशव्हिलमध्ये गाण्याला व्हायोलिनचा ताफा आणि मागे कोरस हवाच, अशी रीत पडली होती. विलीचा आवाज मात्र बोलल्यासारखा. शब्द तो ठेक्याच्या जरा मागे-पुढे टाकतो, ठेका सुटला की काय असं वाटतं आणि नेमका जागेवर येतो. त्या गर्दीत हे सगळं हरवून जायचं. पुढे त्याचं घर जळालं. त्या आगीत शिरून त्यानं आपली गिटार बाहेर काढली. १९७२ मध्ये तो टेक्ससला, ऑस्टिनला परतला.

मग कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला. अट एकच होती, तबकडीत काय असावं हे विली ठरवणार. कोलोरॅडोहून घरी परतताना, गाडीत, पत्नी कॉनीनं सुचवलं की ते घोडेस्वाराचं जुनं गाणं घे. गाडी चालवता चालवता विली त्या गाण्याच्या आधीची आणि नंतरची गोष्ट रचत गेला. एक धर्मोपदेशक आहे. बायको दुसऱ्यावर जीव लावून बसलीय हे त्याला कळतं. तो दोघांनाही ठार मारतो आणि घोड्यावर बसून रानोमाळ भटकत राहतो.

ही गोष्ट ज्या पद्धतीनं सांगितलीय, ती आपल्या कानाला अगदी ओळखीची आहे. कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा सगळी पदं त्याची स्वतःची नसतात. इथं एखादा अभंग, तिथं एखादी ओवी, कुणाकुणाची. पण ज्या जागी तो ती बसवतो, तिथं ती त्या कथेचीच होऊन जातात. विलीनं हेच केलं. एडी अरनॉल्डचं जुनं गाणं घेतलं, चर्चमधलं स्तोत्र घेतलं, आणि फ्रेड रोज यांचं ‘ब्लू आइज क्रायिंग इन द रेन’ घेतलं. हे तर रॉय एकफनं १९४० च्या दशकातच गाऊन ठेवलेलं. आणि धर्मोपदेशकाचं आपलं मूळ कडवं तो ध्रुपदासारखं पुन्हा पुन्हा आणतो.

जानेवारी १९७५. टेक्ससमधल्या गारलंड या गावातला ऑटम साउंड स्टुडिओ. सोबत रोजचीच मंडळी: बहीण बॉबी पियानोवर, पॉल इंग्लिश ड्रमवर, बी स्पिअर्स बेसवर, मिकी राफेल माउथ ऑर्गनवर. काही दिवसांत काम आटोपलं. खर्च साधारण ४ हजार डॉलर झाला असं सांगतात.

त्याची गिटार जवळून पाहण्यासारखी आहे. मार्टिन कंपनीची, नायलॉनच्या तारांची, नाव ‘ट्रिगर’. अशी गिटार बोटांनी छेडायची असते. विली ती नखीनं वाजवतो. वर्षानुवर्षं तशी वाजवून वाजवून तिच्या अंगाला आरपार भोक पडलंय. या अल्बममध्ये ती घंटेसारखी गोल, जरा कोरडी वाजते. एक सूर वाजला की तो विरेपर्यंत विली थांबतो, मगच पुढचा येतो.

ध्वनिफीत कंपनीत पोचली, तेव्हा अधिकाऱ्यांना वाटलं की हा कच्चा नमुना असणार, पक्कं काम अजून यायचंय. ऐकवायच्या वेळी गायक मित्र वेलन जेनिंग्जही हजर होता, आणि विलीच्या बाजूनं तो चांगलाच भडकला. शेवटी करारातली अट कामी आली. तबकडी होती तशीच मे महिन्यात बाजारात आली.

मग ‘ब्लू आइज’ रेडिओवर वाजू लागलं. ऑक्टोबरमध्ये ते कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. गायक म्हणून विलीचं हे पहिलंच पहिल्या क्रमांकाचं गाणं, आणि वय होतं ४२. सर्वसाधारण यादीतही ते २१ व्या जागेपर्यंत चढलं. त्या गाण्यासाठी त्याला ग्रॅमी हा अमेरिकेतला संगीताचा मोठा पुरस्कार मिळाला. अल्बमही कंट्रीच्या यादीत पहिला आला आणि पुढे २० लाखांवर प्रती गेल्याचं प्रमाणपत्र त्याला मिळालं. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानं जपण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत त्याची नोंद केली आहे. नॅशव्हिलच्या चाकोरीबाहेरच्या या गायकांना ‘आउटलॉ’, म्हणजे बंडखोर, म्हणू लागले होते. १९७६ मध्ये वेलन, विली, जेसी कोल्टर आणि टॉमपॉल ग्लेझर यांची एकत्र तबकडी आली, आणि प्लॅटिनमचा, म्हणजे दहा लाख प्रतींचा, मान मिळवणारी ती पहिली कंट्री तबकडी ठरली.

एक गोष्ट मला टोचते, ती बोलायलाच हवी. घोडेस्वार एका बाईला मारतो, का तर तिनं त्याच्या मेलेल्या बायकोच्या घोड्याला हात लावला. त्याला शिक्षा होत नाही, आणि गाणं पुढे जातं. अंगाई म्हणून ते कसं चालत असेल, हे मला उमगलेलं नाही. पण विली आवाज जराही चढवत नाही, कुणाची बाजू घेत नाही, म्हणून तो खून मनातून जात नाही. मागे व्हायोलिनं रडली असती, तर आपण त्या सुरांसोबत रडून मोकळे झालो असतो.

खुनानंतर थोड्या वेळानं येतं ‘जस्ट ॲज आय ॲम’. शब्द नाहीत, फक्त बॉबीताईंचा पियानो. दोन मिनिटंसुद्धा नाहीत. आजी-आजोबांकडे, लहानपणी, ज्या सुरांवर भावंडं वाढली, तेच स्तोत्र त्या कुठलीही कलाकुसर न करता, प्रार्थनेला बसलेल्या माणसांना सोबत करावी तसं वाजवतात. मी दर वेळी इथं हातातलं काम बाजूला ठेवतो.

संपूर्ण अल्बम साधारण ३३ मिनिटांचा आहे. मधूनच एखादं गाणं ऐकू नका, पहिल्यापासून ऐका. शक्यतो दुपारी, जेवणं झाल्यावर, घर जरा शांत असताना.