मेनू का हलतो?

पडद्यावर दिसतेय ती माझी पहिली वेबसाइट. देवगडला काकांची हापूसची बाग आहे, तिची. पानं पाच: मुखपृष्ठ, बाग, दर, फोटो, संपर्क. आता मेनूवर नजर ठेवा. संपर्कावरून फोटोंवर गेलं की मेनू डावीकडे सरकतो. परत आलं की पुन्हा जागेवर.

काकांना मोबाइलवर दाखवलं. "कुठे हलतोय?"

संशय आधी स्वतःवरच आला. पाचही पानं मी नक्कल करून बनवली होती. काका म्हणाले, 'डझन' नको, 'पेटी' लिही. पाच फायली उघडल्या, चौथीत विसरले. हापूसचा केशरी रंगसुद्धा पानागणिक वेगळा.

हा घोळ जुनाच. 1990च्या दशकात अख्खं पान टेबलाच्या रकान्यांत कोंबायचे, जागा धरून ठेवायला एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र लावायचे. पानाचं रूप मजकुरापासून वेगळं लिहावं, ही सीएसएस या रूप-भाषेची कल्पना हॉकोन विउम ली यांनी 1994मध्ये सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत असताना मांडली. डिसेंबर 1996मध्ये तिची पहिली अधिकृत शिफारस आली.

मीही मग रंग, समास, अक्षरांचे आकार एकाच फाइलमध्ये नेले आणि ती पाचही पानांना जोडली. केशरी एकदाच बदलला, पाचही पानं पिकली!

इंग्रजी धड्यांतली मापं मात्र आपल्याला पुरत नाहीत. ओळींचं अंतर अक्षराच्या आकाराच्या 1.2 पट ठेवलं, तर वरचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. मी 1.7 पट केलं. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरं लांब लांब केली, तर 'देवगड'ची शिरोरेषाच तुटली. तो हट्ट सोडला.

एवढं करूनही मेनू हलतच होता. दोन दिवस गेले. कारण सापडलं पडद्याच्या उजव्या कडेला. फोटोंचं पान लांबलचक, तिथे स्क्रोलबार, म्हणजे पान वर-खाली सरकवायची पट्टी, येतो. संपर्काचं तोकडं, तिथे येत नाही. माझ्या लॅपटॉपवर त्याची रुंदी पंधरा-सतरा पिक्सेल. तेवढी जागा गेली की पानाचा मध्य बदलतो, आणि मध्यावर बसवलेलं सगळं आठेक पिक्सेल डावीकडे जातं. मोबाइलवर स्क्रोलबार मजकुरावरच तरंगतो. काकांचं बरोबर होतं.

सीएसएसमध्ये एक ओळ वाढवली: पान लहान असलं तरी स्क्रोलबारची जागा राखून ठेव.

संपर्क. फोटो. संपर्क. फोटो. काका शेजारी खुर्ची ओढून बसलेत.

"हलला?"

"नाही."

"मगे आता दर घाल."