चौतीस पट ओढ, तरीही समतोल

नमस्कार, श्रोतेहो. ६ जानेवारी २०२४ ला सूर्याचा अभ्यास करणारं आपलं ‘आदित्य-एल१’ हे यान पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवर, ‘एल१’ नावाच्या जागी पोहोचलं, तेव्हा एक वाक्य सगळीकडे ऐकू येत होतं : तिथे सूर्याची आणि पृथ्वीची ओढ सारखी असते. ते बरोबर नाही. खरी गोष्ट त्याहून फार सुंदर आहे, म्हणून आज तीच सांगतो.

दोन्ही ओढी समसमान होतात ती जागा पृथ्वीपासून सुमारे २ लाख ६० हजार किलोमीटरवर, म्हणजे चंद्राच्याही अलीकडे आहे. हो, चंद्राला सूर्य पृथ्वीच्या दुप्पट जोराने ओढतो! आणि एल१ पाशी तर सूर्याची ओढ पृथ्वीच्या सुमारे ३४ पट. मग यान सूर्याकडे निघून का जात नाही?

गोफण आठवा. दगड गरगर फिरत असताना दोरी त्याला सतत हाताकडे खेचत असते; ती सुटली की दगड सरळ भिरकावला जातो. यानही असंच सूर्याभोवती फिरतंय. सूर्याच्या जितकं जवळ, तितकी फेरी लवकर पुरी होते. यान १५ लाख किलोमीटर आत आहे, म्हणजे एकट्या सूर्याच्या ओढीने त्याची फेरी सुमारे ३६० दिवसांत संपली असती. दरवर्षी पाच दिवसांची आघाडी घेत ते पृथ्वीला मागे टाकून गेलं असतं. पण पृथ्वी त्याला उलट्या बाजूने ओढते आणि सूर्याच्या ओढीतले जेमतेम तीन टक्के वजा करते. उरते ती ओढ फेरीला बरोबर एक वर्ष लागावं, इतकीच. त्यामुळे यान कायम पृथ्वीच्या सोबत राहतं.

अशा पाच जागा असतात. तीन ऑयलर या गणितज्ञाने शोधल्या होत्या, उरलेल्या दोन लाग्रांज या दुसऱ्या गणितज्ञाने १७७२ च्या निबंधात दाखवल्या. सगळ्यांना नाव मात्र लाग्रांजचं मिळालं.

एल१ वरचा हा समतोल नाजूक असतो, डोंगराच्या टोकावर ठेवलेल्या गोट्यासारखा. शिवाय यान थेट त्या बिंदूवर ठेवलं, तर त्याच्या मागेच तळपणारा सूर्य त्याचे रेडिओ संदेश बुडवून टाकील. म्हणून ते बिंदूभोवती मोठी प्रदक्षिणा घालतं. एका प्रदक्षिणेला १७८ दिवस लागतात. २ जुलै २०२४ ला पहिली पूर्ण झाली. तोवर इंजिनांनी हलकेच ढकलून त्याला तीनदा वाटेवर आणावं लागलं. तिथून सूर्य कधीच मावळत नाही, आणि पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत तयार झालेली यानावरची दुर्बीण अतिनील प्रकाशात त्याची चित्रं टिपत असते.