बसणार कोण आणि पसंत करणार कोण?

मी बसूनच बोलणार आहे, गैरसमज नसावा. विषय दिलाय ‘योग्य व्हीलचेअर कशी निवडावी’, म्हणजे प्रकार सांगा, फरक सांगा. सांगतो ना, शेवटी सांगतो. पण त्याआधी माझं एक जुनं दुखणं आहे, आणि तुम्ही आपणहून आलाय म्हटल्यावर ते ऐकून घ्यावंच लागेल.

दुखणं असं की बहुतेक व्हीलचेअर बसणाऱ्यासाठी घेतल्याच जात नाहीत, त्या ढकलणाऱ्यासाठी नाहीतर गाडीच्या डिकीसाठी घेतल्या जातात. दुकानात पहिला प्रश्न काय, तर ‘घडी होते का?’ गंमत बघा, मध्ये फुलीसारखे पाइप असलेली ती घडीची स्टीलची खुर्ची 1933 च्या सुमाराला एव्हरेस्ट आणि जेनिंग्ज या दोघा अमेरिकन इंजिनिअरांनी केली, त्यातले एव्हरेस्ट खाणीतल्या अपघातानंतर स्वतः व्हीलचेअर वापरत होते आणि गाडीत मावेल अशी खुर्ची त्यांना स्वतःला हवी होती. म्हणजे घडीची गरज बसणाऱ्याची होती! आता बसणारा सोडून बाकी सगळे घडी घालून बघतात.

आमच्या नात्यातल्या एका काकांचं सांगतो. पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. खुर्ची आणायला चौघं गेले, काका घरी. दुकानात चौघं आळीपाळीनं बसून बघतायत, त्यातले सगळ्यात वजनदार गृहस्थ म्हणाले, ‘ही ऐसपैस आहे.’ दुकानदार म्हणाला, ‘थोडी मोठीच घ्या, पुढेमागे अंग भरलं तर?’ काका आधीच काटकुळे, त्यांचं अंग काय भरतंय! पण आली वीस इंची सीट. वीस इंच सीट म्हणजे चाकं आणि हातानं चाक फिरवायच्या कड्या धरून बाहेरून साधारण अठ्ठावीस इंच, बाथरूमच्या दारातच अडकली. मग दार बदलायची चर्चा सुरू झाली, खुर्ची बदलायची नाही!

त्यात काका एका बाजूला कलंडायला लागले, म्हणून उशा कोंबल्या. हात चाकापर्यंत पोचेना. पाय फूटरेस्टवर नुसते ठेवलेले. आता झटका आलेला माणूस बऱ्याचदा चांगल्या हातानं चाक फिरवून आणि चांगल्या पायानं जमीन रेटून स्वतः खुर्ची चालवू शकतो, फक्त सीट बुटकी हवी, टाच जमिनीला टेकली पाहिजे, आणि त्या बाजूचं फूटरेस्ट काढता आलं पाहिजे. हे कुणी सांगितलंच नाही, उलट येईल तो म्हणतोय, ‘काका आता काहीच करत नाहीत हो.’ पुढे एका थेरपिस्टबाईंनी माप घेऊन अरुंद, बुटकी खुर्ची दिली, सराव करून घेतला, आणि जमायला लागल्यावर काका पहिले कुठे गेले असतील? ते चौघं गप्पा मारत होते ना, त्या खोलीतून बाहेर!

हसा, पण मापं लक्षात ठेवा. कडक बाकावर बसवून कमरेखालची सगळ्यात जास्त रुंदी मोजायची, सीट तेवढी किंवा फार तर इंचभर जास्त. सीटची खोली म्हणजे बसल्यावर ढुंगणाच्या मागच्या कडेपासून गुडघ्याच्या मागपर्यंत जे माप येईल त्यात तीन ते सहा सेंटीमीटर कमी, नाहीतर कड गुडघ्यामागे रुतते, मग माणूस पुढे घसरून बसतो आणि घरचे म्हणतात नीट बसत नाही. फूटरेस्ट असं की मांडी सीटला पूर्ण टेकेल, आणि खाली जमिनीपासून पाचेक सेंटीमीटर जागा राहील. हात चाकाच्या माथ्यावर ठेवला की कोपर काटकोनापेक्षा थोडं उघडलेलं हवं. आर्मरेस्ट निघणारं असेल तर पलंगावर सरकताना...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? बरं. प्रकार.

चारही चाकं लहान असतात ती दुसऱ्यानं ढकलायची, बसणारा त्यात पूर्ण परावलंबी, ज्याचे हात चालतात त्याला ती देऊ नका. मागे चोवीस इंची चाकं असतात ती साधी खुर्ची, स्टीलची असली तर पंधरा-वीस किलो भरते. रोज स्वतः चालवणाऱ्यानं हलकी, घडी न होणारी अ‍ॅक्टिव्ह खुर्ची बघावी, तिचं मागचं चाक पुढे सरकवलं की हात कमी दुखतात पण खुर्ची मागे उलटायचा धोका वाढतो, आणि पाय कापलेल्या माणसाचं वजन मागे गेलेलं असतं म्हणून त्याला ते चाक उलट मागे लागतं. खडबडीत जमिनीला पुढची चाकं मोठी हवीत, छोटी चाकं दगडात अडली की माणूस तोंडावर. धड बसवत नाही त्याला सीटसकट मागे कलणारी. हातात ताकद नसेल तर बॅटरीवाली, पण ती जड असते, रॅम्प हवा (एक फूट चढायला बारा फूट लांबी, स्टेजवाल्यांनी ऐकावं!), चार्जिंगची सोय हवी, आणि घ्यायच्या आधी घरात फिरवून बघायची.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 मध्ये खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्यात, तपासणी, माप, फिटिंग, शिकवणं, दुरुस्ती वगैरे. व्हीलचेअरवाल्यांसाठी पायऱ्या, हाही विनोदच. दुकानात त्यातली एकच होते, पैसे घेण्याची.

कुशन राहिलं! खुर्चीइतकंच महत्त्वाचं. संवेदना नसेल तर बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, कळत नाही, म्हणून कुशन हवंच आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी वजन हलवायचं, पुढे वाका, बाजूला कला, आणि रोज आरशानं कातडी बघायची. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर त्या जागेवर बसायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. हां, घ्या माईक.