दोन डॉक्टर, एकच बीएमआय

एका फोटोची गोष्ट, 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या. त्यात दोन डॉक्टर. एक आपले पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, सेम टू सेम, 22.3, म्हणजे तक्त्याप्रमाणे दोघंही एकदम ओके. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन साहेबांची 9.1 टक्के आणि याज्ञिक सरांची 21.2, दुपटीच्याही वर!

आता एकदम उलटी केस. जपानचा सुमो पैलवान, दीडशे किलोचा गडी, पण तालमीत घाम गाळत असतो तोवर त्याची बहुतेक चरबी कातडीखालीच असते, पोटाच्या आत आतड्यांभोवती फार कमी. तालीम सुटली की मात्र त्याचंही गणित फिरतं.

आपल्या घरातल्या धान्याच्या डब्यांसारखं आहे हे. कातडीखालची चरबी म्हणजे डबे, त्यात भरलंय तोवर फारसा त्रास नाही, पण डबे गच्च भरले आणि वरून आवक चालूच राहिली की माल जिथे जागा मिळेल तिथे जातो, लिव्हरमध्ये, स्वादुपिंडात, स्नायूंमध्ये, आणि मग लिव्हर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, शुगर चढते, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) चढतात. डबे केवढे ते बरंचसं आईबापांकडून येतं. बायकांना मांड्या-नितंबांवर जास्तीची जागा मिळते, पाळी गेल्यावर तीही चरबी पोटाकडे सरकायला लागते. म्हणून एखादी नव्वद किलोची काकू नॉर्मल रिपोर्ट घेऊन फिरते आणि साठ किलोच्या काकांना शुगरची गोळी चालू. (काकूंनी फार खूश होऊ नये, असे नॉर्मल रिपोर्ट पुढे बऱ्याच जणांचे बिघडतात.)

आपल्याकडे डबे मुळातच लहान असावेत असा अंदाज आहे, म्हणून भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेघ बीएमआय 30 वर नाही, 25 वरच ओढलीय, आणि कंबरेची रेघ पुरुषांना 90 सेंटीमीटर, बायकांना 80.

आणि हे बारीक अंगात जास्त चरबी असणं सुरू कधी होतं? याज्ञिकांच्या टीमने 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या गावांत नुकती जन्मलेली बाळं मोजली. सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडच्या साउदम्प्टनमधली बाळं 3.5 ची. आपल्या बाळांचे दंड बारीक, पोट लहान, सगळंच कमी. मग कातडीखालची चरबी कळावी म्हणून खांद्याच्या फऱ्यामागची कातडी चिमट्यात धरून जाडी मोजली, आणि तिथे मात्र ही काटकुळी बाळं इंग्रज बाळांच्या फारशी मागे नव्हती.