रोबो म्हणजे वेठ्या

(ठाण्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, विषय जाहीर झालाय 'विज्ञानकथेतले शब्द : उगम आणि अर्थ'. यादी मोठी आहे, पण सुरुवात करणार आहे ती माझ्या मनात कित्येक वर्षं ठाण मांडून बसलेल्या शब्दापासून. रोबो.

१९२० साली कारेल चापेक या चेक लेखकाचं 'आर. यू. आर.' हे नाटक छापून आलं आणि १९२१ मध्ये प्रागच्या रंगभूमीवर गेलं. कारखान्यात माणसासारखे कामकरी तयार होतात, जगभर विकले जातात आणि शेवटी मालकांवर उलटतात. त्यांना नाव काय द्यायचं? कारेलच्या डोक्यात 'लाबोरी' होतं, पण ते त्याला पुस्तकी वाटलं. तो भावाकडे गेला. योसेफ चित्रकार. कॅनव्हाससमोर उभा, कुंचला तोंडात धरलेला. तसाच पुटपुटला, "मग रोबोट म्हण." हे कारेलनंच १९३३ मध्ये सांगितलं, कारण श्रेय भावाचं होतं. मला हे फार आवडतं. आपल्याकडे भावाभावांत गॅलरीच्या ग्रिलवरून कोर्टकचेऱ्या होतात! (हशा)

आता चेक भाषेतलं 'रोबोटा' म्हणजे काय? कुळानं जमीनदाराच्या शेतावर सक्तीनं, फुकट राबायचं, आठवड्याचे तीन-तीन दिवस. १८४८ मध्ये ती पद्धत बंद झाली. याला मराठीत काय म्हणाल? (प्रेक्षकांतून : "वेठबिगार!") शाब्बास. वेठ. संस्कृतातल्या 'विष्टी'पासून आलेला, शेकडो वर्षं वापरून गुळगुळीत झालेला शब्द. आणि आपण काय केलं? 'यंत्रमानव' म्हणालो.

मी या नाटकाचा मराठी अनुवाद केला. सगळीकडे 'वेठ्या' लिहिलं. प्रकाशकाकडून मुद्रितं परत आली, तर पहिल्या पानापासून लाल शाई. प्रत्येक 'वेठ्या'वर आडवी रेघ, वर 'यंत्रमानव'. शेवटच्या अंकापर्यंत पोचेपर्यंत संपादकांचाही हात दुखला असावा, कारण तिथे नुसतंच 'यं.मा.' लिहिलं होतं. मी फोन केला. म्हणाले, "सर, आजच्या वाचकाला वेठ कळत नाही." माझ्यासमोर त्या दिवशीचा पेपर होता. ठळक मथळा : रिक्षाचालकांनी प्रवाशांना वेठीस धरले! (हशा) अहो, स्टेशनबाहेर तासभर रांगेत उभ्या राहिलेल्या ठाणेकराला वेठ कळत नाही? मी मथळा वाचून दाखवला. ते म्हणाले, "तो वाक्प्रचार झाला." मी बाड परत मागवलं.

शिवाय 'यंत्रमानव' त्या नाटकापुरता चूकच आहे. चापेकच्या रोबोंमध्ये पत्रा नाही, बोल्ट नाहीत, लुकलुकणारे दिवे नाहीत. कृत्रिम जीवद्रव्यापासून घडवलेले, रक्तामांसाचेच दिसणारे जीव आहेत ते. त्यांच्यातली मुख्य गोष्ट राबणं आहे.

आणि हे ठाण्यात बोलायला मला वेगळं कारण आहे. १९४५ साली याच जिल्ह्यात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, उंबरगाव-तलासरीच्या वारल्यांनी ठरवलं की यापुढे जमीनदाराची वेठ करायची नाही. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आपल्यातल्या अनेकांनी वाचलंय. तलासरी आता पालघर जिल्ह्यात, उंबरगाव गुजरातेत. पण प्रागच्या रंगमंचावर घडलेलं बंड ज्या शब्दातून आलं, त्याच शब्दाविरुद्ध इथली जितीजागती माणसं उभी राहिली. 'यंत्रमानव' म्हटलं की हा सगळा धागा तुटतो. माझं दुखणं ते आहे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच. बरं. मग भरभर सांगतो.

क्लोन. मूळ ग्रीक शब्द, अर्थ डहाळी. १९०३ मध्ये वनस्पतिशास्त्रात आला आणि पुढे विज्ञानकथेनं उचलला. आपल्याकडे हापूसची फांदी खुंटावर बांधतात, त्याला कलम म्हणतात. कोकणात बाग असलेल्यांनो, तुमच्या वाडीत क्लोनच उभे आहेत.

सायबर. ग्रीकमध्ये 'कुबेर्नेतेस' म्हणजे सुकाणू धरणारा. त्यावरून नॉर्बर्ट वीनरनं १९४८ मध्ये 'सायबरनेटिक्स' घडवला, १९८२ मध्ये विल्यम गिब्सनच्या कथेत 'सायबरस्पेस' आला. चेंदणी कोळीवाड्यात विचारा, बोट चालवणाऱ्याला काय म्हणतात? तांडेल!

उडती तबकडी. १९४७ मध्ये केनेथ अर्नोल्ड या अमेरिकन वैमानिकानं आकाशातल्या वस्तूंची चाल सांगितली : पाण्यावर बशी फेकली की ती जशी टप्पे घेत जाते, तशी. वर्तमानपत्रांनी चालीचा आकार करून टाकला. तलावपाळीवर ज्यानं कधी चपटा खडा फेकलाय, त्याला फरक लगेच कळेल.

कृष्णविवर. हा शब्द घरोघरी नेण्यात जयंत नारळीकरांचा वाटा मोठा. १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी याच नावाची कथा टोपणनावानं पाठवली आणि बक्षीस मिळवलं. इथे मात्र शब्द तत्सम असूनही चपखल बसला, कारण 'विवर' आपल्या कानाला आधीपासून ओळखीचं होतं.

अवतार राहिला, तो प्रश्नोत्तरांत घेऊ. एकच विनंती. ते बाड मी आज पिशवीत घेऊन आलोय. तिसऱ्या अंकाचं जाहीर वाचन इथेच करायचंय, सात-आठ आवाज लागतील. ज्यांना वेठ्या व्हायचंय त्यांनी जाताना दारापाशी नाव द्या.